उगवणीची मूठ

आमचे सर कुठंही गेले की आधी मागचं दार शोधायचे. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडायच्या आत ते आचाऱ्यांच्या बाजूनं एक चक्कर मारून यायचे. एसटीत बसले की संकटकाळची खिडकी खरंच उघडते का हे खिट्टी ओढून बघायचे आणि कंडक्टरचं बोलणं खायचे. लोक म्हणायचे, भूकंपात काहीतरी बघितलं असंल, त्यानंतर लातूरकडची लई माणसं अशी झाली. सरांना विचारलं तर ते म्हणायचे, "भूकंपावर कशाला ढकलता. मी त्याच्या आधीपासून असाच हाय."

दुसरी खूण त्यांचा स्वेटर. बिनबाह्यांचा, राखाडी, खालून उसवलेला. लातूरच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं तेव्हाही तो अंगात. ते दिवसभर दवाखान्याच्या मशीनच्या खोलीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या, बसायचे आणि ती खोली यंत्रांसाठी गार ठेवलेली असायची. चहाला बाहेर आले तरी स्वेटर काढायचे नाहीत. टपरीवाला म्हणायचा, "काय सर, काश्मीरहून कधी आलात?" सर म्हणायचे, "लगेच परत जायचंय. चहा दे."

उदगीरला त्यांची माती झाली तेव्हा अंगात स्वेटर नव्हता, असं त्यांच्या पुतण्यानं मला सांगितलं. लिंगायत समाजात माणसाला निजवत नाहीत, बसवून पुरतात. कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, आणि तसेच बसलेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परतीच्या एसटीत मला उगीच वाटत राहिलं की सरांना गार लागंल.

आमचा दवाखाना छातीच्या रोगांचा, एका ट्रस्टचा. मोठा लातूरला, शाखा नांदेडला आणि उदगीरला. मी हिमायतनगरच्या पलीकडच्या गावची. आठवीत शाळा सुटली, कारण पुढची शाळा तालुक्याला आणि गावाला बस नव्हती. लग्न होऊन लातूरला आले. नवरा सेंट्रिंगच्या कामाला होता. तो राहिला नाही, मी राहिले. दवाखान्यात झाडू-फरशीला लागले, आणि तिथून सरांनी मला उचलून फिल्मच्या खोलीत बसवलं. डॉक्टरांना जुने एक्स-रे काढून द्यायचे, परत जागेवर ठेवायचे, आणि हात रिकामा असला की एकेक जुनी फिल्म स्कॅन करून मशीनमध्ये घालायची. शेजारी मशीनची खोली, तिथं सर. आमचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे एवढाच, ते आणि मी.

आई फोनवर बोलणं संपवताना दर वेळी एकच विचारायची, "काम हाय ना गं अजून?" मी हाव म्हणायचे. फोन ठेवला की मलाच त्याची खात्री वाटायची नाही. मी मुळातच घाबरट. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघणारी. सर माझ्याकडं बघून मान हलवायचे, पण हसले कधी नाहीत.

एका उन्हाळ्यात मशीनच्या खोलीचा एसी बसला. यंत्रं तापली आणि आपोआप बंद पडली. त्या दिवशी नांदेडच्या शाखेत माझ्याच भागातला एक म्हातारा दमा घेऊन आला होता. तिथल्या डॉक्टरला त्याचा जुना फोटो बघायचा होता, तो लातूरच्या बंद मशीनमध्ये. म्हातारा दिवसभर बाकड्यावर बसून तसाच गावी गेला. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांनी दवाखाना काढला ते, आमच्या खोलीत खाली आले. म्हणाले, "सर, आता हे सगळं क्लाऊडवर टाकायचं. कुणाकडं टाकायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तिथं मी सही करतो."

ते गेल्यावर मी विचारलं, "क्लाऊड म्हंजे काय, सर?"

"ढगबिग काही न्हाई, माय. दुसऱ्याच्या गावात दुसऱ्याची खोली. तिथं एसी बंद पडत न्हाई एवढंच. आपण भाडेकरू."

"मंग ही खोली?"

त्यांनी स्वेटर खाली ओढला. "ही बंद," म्हणाले.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. खोली बंद म्हणजे सर बंद आणि मी बंद. नवं घर बघायचं काम ज्याचं घर जाणार त्याच माणसाला दिलं होतं, आणि त्यानं ते आनंदानं घेतलं होतं.

मग कंपन्यांची माणसं येऊ लागली. कुणी हैदराबादचं, कुणी मुंबईचं, कुणी पुण्याचं. इस्त्रीचे शर्ट, लॅपटॉप, भिंतीवर चित्रं. आपली माहिती किती कडीकुलपात राहील, एक खोली जळाली तर दुसरीकडं कशी जिवंत असेल, सगळं सांगायचे. सर मान डोलवत ऐकायचे. मग हात वर करून म्हणायचे, "साकु." त्यांच्या घरी कानडी, साकु म्हणजे पुरे. "आत कसं जायचं ते कळलं. आता निघायचं कसं ते सांगा."

हैदराबादचा माणूस दिलखुलास होता. तो म्हणाला, "साहेब, अजून शादी न्हाई झाली आन तुम्ही तलाकची बात काढून राहिले."

"मी विष्णुपुरीला शिकलो," सर म्हणाले. "कॉलेजातून धरण दिसायचं. पाणी अडवायचं कुणालाही जमतं, भाऊ. दरवाजे वर उचलता आले तर ते धरण, न्हाईतर ते संकट."

आणखी एक गोष्ट ते मागायचे, आणि तिथं सगळे अडायचे. कंपनीवाले आपल्या खूश गिऱ्हाइकांची नावं द्यायचे. सर ती न बघताच बाजूला ठेवायचे. "हे वऱ्हाडी झाले. वऱ्हाडी जेवण चांगलंच हाय म्हणणार. तुम्हाला सोडून गेलेला एक माणूस सांगा." मुंबईवाला म्हणाला, आम्हाला कुणी सोडून जातच नाही. सर म्हणाले, "जात न्हाई का जाता येत न्हाई?" पुण्याहून एक किडकिडीत, दमलेला माणूस आला होता. त्यानं फोनमध्ये शोधून एका गिऱ्हाइकाचा नंबर दिला. म्हणाला, "रागावून गेलेत ते. आमची चूक होती. पण सामान सगळं घेऊन गेले."

सरांनी त्याला दुसरा चहा सांगितला. हे त्यांनी आधी कुणासाठी केलं नव्हतं.

येळवसेची गोष्ट दवाखान्यात अजून सांगतात. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी लातूर रिकामं होतं, सगळी माणसं शेतात. मोठ्या डॉक्टरांच्या शेतावर आम्हा सगळ्यांचं जेवण असायचं. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यात आंबील. पंगत बसली, आणि सर बाभळीखाली फोन घेऊन. एकेका कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावून राहिले.

मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो सर, आज तरी जेवा."

"आजच बघायचं, साहेब. आज आपल्याकडं कुणी न्हाई. मशीनला बंद पडायला ह्याहून चांगला दिवस न्हाई. तिकडं कोण हाय ते बघू."

पहिल्या नंबरावर नुसतं संगीत लागलं. सरांनी फोन मोठ्या आवाजावर करून आंबिलीच्या मडक्याशेजारी ठेवला आणि ते संगीत पंगत उठेपर्यंत वाजत राहिलं. एक नर्स म्हणाली, "राहू द्या सर, पूजेला वाजंत्री झाली." दुसऱ्या नंबरावरचा मुलगा लगेच बोलला, आणि सर जे विचारतील त्याला हो म्हणाला. सरांनी मुद्दाम एक अशक्य गोष्ट विचारली. त्यालाही तो हो म्हणाला. तिसरा नंबर पुण्याच्या कंपनीचा. एक मुलगी होती. सरांनी काहीतरी अवघड विचारलं. मग ती म्हणाली, "मला माहीत नाही, सर. विचारून फोन करते."

सरांचा चेहरा मी तेवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता. "जेवलीस का माय?" त्यांनी तिला विचारलं. ती गांगरली. म्हणाली, "नाही, अजून नाही." मग सरही जेवले नाहीत. तिचा फोन येईपर्यंत ताटातले उंडे वाळून गेले. फोन आला, उत्तर बरोबर होतं, आणि मग त्यांनी ते वाळलेले उंडे आंबिलीत कुस्करून खाल्ले. मला म्हणाले, "ज्याला माहीत न्हाई म्हणता येतं त्याच्या घरी सामान ठेवावं."

पण एवढ्यावर ते ठरवणार नव्हते.

आमच्याकडं घरचं सोयाबीन पेरायचं असलं की आधी उगवण बघतात. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात ठेवायचे, काही दिवसांनी उलगडून बघायचं मोड किती आले. बी सख्ख्या भावानं दिलेलं असलं तरी उगवण बघितल्याशिवाय कुणी पेरत नाही. सरांनी तेच ठरवलं. प्रत्येक कंपनीकडं थोडीशी माहिती टाकायची, काही दिवस राहू द्यायची, आणि परत मागायची. आली कशी ते बघायचं.

"कुणाची टाकायची?" मी विचारलं. माझ्यापुढं फिल्मांचे गठ्ठे होते.

"लोकांची छाती परक्या गोणपाटात कशाला? माझी टाक."

लहानपणी त्यांना छातीचा आजार होऊन गेला होता. उजवीकडं वर एक डाग राहिला होता, म्हणून ते दरवर्षी आमच्याकडंच फोटो काढायचे. त्यांची फाईल जाड होती. सगळे फोटो, तारखा, डॉक्टरांची टिपणं. ती मी स्कॅन करून दिली, आणि ती झाली आमची उगवणीची मूठ.

हैदराबादहून ती सगळ्यात लवकर परत आली. फोटो सगळे होते, पण कोणता कोणत्या वर्षाचा ते सुटून गेलं होतं. आधीची छाती कुठली, नंतरची कुठली, काही कळेना. सर म्हणाले, "दाणा फुगलाय, मोड न्हाई." मुंबईहून सगळं नीट आलं, पण ते उघडायला त्यांचंच यंत्र लागत होतं, आमच्याकडं उघडेना. "उगवतंय, पण त्यांच्याच वाफ्यात." पुण्याहून यायला वेळ लागला. आली तेव्हा एकेक फोटो जागेवर होता. सरांनी मला बोलावलं. "तू बघ. तुझी फिल्म, तूच ओळखशील."

मी बघितलं. नाव, तारीख, बरगड्या, उजवीकडचा डाग. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मग परत बघितलं.

"सगळं हाय," मी म्हणाले, आणि तरी कुठं एखादी तारीख चुकलीय का ते शोधत राहिले. कारण सगळं असणं म्हणजे आता सही होणार.

तेव्हा मी बोलले. खोलीत दोघंच होतो, एसीचा आवाज. म्हणाले, "सर, साहेबांनी तुमच्यावर टाकलंय. तुम्ही न्हाई म्हणालात तर ते ऐकतील. कुणीच पसंत पडलं न्हाई म्हणा ना. नवा एसी घ्या म्हणा."

ते रागावले नाहीत. खुर्ची वळवून माझ्यासमोर बसले. "बाई, त्यांनी मला इच्यारलंय बेणं कोणतं चांगलं. माझं शेत पडीक राहतंय म्हणून चांगल्या बेण्याला वाईट म्हणू का?"

"पण आपलं काय?"

"तो नांदेडचा म्हातारा बाकड्यावर बसून गेला, त्याचं काय?" मग हळू म्हणाले, "भीती मलाबी वाटून राहिली. पण ती उगवणीत धरायची नसते."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मला का नेलं ते मला कळलं नाही. मी दाराशी उभी होते. सरांनी पुण्याच्या कंपनीचं नाव सांगितलं आणि करारात घालायची आपली वाक्यं वाचून दाखवली. आम्ही जायचं म्हटलं की सगळं आमच्या हातात, आमच्याकडं उघडेल असं द्यायचं, कुठलीही आडकाठी न घालता. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं, "सर, यात तुमचं काय?"

"खोली न्हाई तर मी कशाचा."

"असं कसं. वर बसा, माझ्या ऑफिसात. एक टेबल देतो."

"वर काम काय? उगं खुर्ची तापवायची." मग ते पुढं झुकले. "अजून एक अट हाय. ती कंपनीला न्हाई, आपल्याला. दर महिन्याला आपल्या माणसानं ती मूठ परत मागवायची आणि डोळ्यांनी बघायची."

"ते तर कॉम्प्युटर आपोआप तपासतो म्हणतात."

"तपासतो. पण उगवण हाय का न्हाई हे बी विकणाऱ्यानं सांगायचं नसतं."

"मग ते काम तुम्हीच करा. झालं की तुमच्या जागेचं."

"एका मुठीला दोन माणसं कशाला?" सर म्हणाले. "ह्या बाई करतील."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला दार सोडून पळावं वाटलं. त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"आठवी," सरच बोलले. "वाचायला येतं, तारखा कळतात, आणि घाबरट हाय. धीट माणूस न बघताच सही करतो. ह्या कामाला घाबरटच माणूस लागतो, साहेब."

माझ्या घाबरटपणाला तोवर कुणी काम दिलं नव्हतं. नवऱ्याच्या घरी त्यासाठी बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा मी हाव म्हणाले आणि पहिल्यांदा तो शब्द खरा वाटला. पण तो कुणाच्या जागेवर उभी राहून म्हणते आहे हेही मला माहीत होतं.

यंत्रं बंद केली त्या दिवशी एसीही बंद झाला. सर भिंतीला हात लावून उभे होते. म्हणाले, "तापून राहिली बघ. आता ही बी बाकी खोल्यांसारखीच." जाताना पुढच्या दारानं गेले नाहीत. फिल्मच्या खोलीमागं एक अरुंद जिना होता, तो त्यांनी कधीतरी शोधून ठेवला होता. तिकडूनच गेले, स्वेटर घालून.

उदगीरला भावाच्या आडतीच्या दुकानात ते बसायचे. मी एकदा गेले होते. पोत्यांमध्ये खाट, खाटेवर सर, बाहेर लाही होणारं ऊन, आणि अंगात स्वेटर. भाऊ म्हणाला, "ह्याला काम सांगू नका, हा प्रत्येक पोत्याची उगवण बघत बसतो." दुकानात कुणी हसलं नाही. सर पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होते, तोंड भिंतीकडं. पहिल्यांदा मी त्यांना दाराकडं पाठ करून बसलेलं पाहिलं.

दर महिन्याला मात्र ठरल्या दिवशी त्यांचा फोन यायचा. कसे आहात, काय नाही. सरळ, "उगवण?"

"चांगली हाय, सर."

"बघून म्हणतीस का सवयीनं?"

"बघून."

"साकु," म्हणून ठेवून द्यायचे.

एका महिन्यात फोन आला नाही. मी मूठ मागवली होती, त्यांच्या बरगड्या समोर पडद्यावर होत्या, सगळं जागेवर होतं, आणि मी फोनकडं बघत बसले. मग पुतण्याचा आला.

आता गेल्या उन्हाळ्यात ती पुण्याची कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, आणि दवाखान्यानं सोडून जायचं ठरवलं. नवे कॉम्प्युटरवाले एक तरुण साहेब आले आहेत, मऊ बोलतात. मोठे डॉक्टर आता थकलेत, बैठकीला नुसते बसतात. नव्या माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हतं की निघायची वाट आधीच करारात लिहून ठेवलेली आहे. कंपनीनं आडकाठी घातली नाही, कारण घालताच येत नव्हती. सगळे म्हणाले, बरं झालं, सोपं गेलं. सरांचं नाव कुणी घेतलं नाही, आणि मलाही घेता आलं नाही.

मग तरुण साहेब यादी बघत म्हणाले, "जे पेशंट वारलेत त्यांच्या फाईली इथंच सोडू. खातं बंद झालं की पुसल्या जातील. तसंही त्या कुणी उघडत नाही."

बैठकीत मी पाणी द्यायच्या बाजूला उभी असते. तिथं मी कधी बोलत नाही. माझा आवाज मलाच ऐकू आला. "साहेब, त्यातली एक उघडतात. दर महिन्याला."

"कोण?"

"मी."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडं बघितलं. मोठे डॉक्टर डोळे मिटून होते. तसेच मिटलेले ठेवून म्हणाले, "ती मूठ आहे. ती आधी जाईल."

बाकीच्या वारलेल्यांच्या फाईली मागंच राहिल्या. त्या नांदेडच्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्याचीही राहिली असेल; तो जिवंत आहे का नाही, मला विचारायचा धीर झाला नाही.

नव्या जागी मूठ गेली, काही दिवस राहिली, आणि मी ती परत मागवली. पडद्यावर सरांची छाती आली. नाव, तारीख, उजवीकडचा डाग, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मी रकान्यात "उगवण चांगली" असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. फोन टेबलावर होता, वाजला नाही. बघून म्हणतीस का सवयीनं, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

म्हणून मी परत पहिल्यापासून बघितलं.